पंधराची चाकं

लातूर, १२ जानेवारी १९८३

वीरण्णा व्याही, शरणार्थ.

महिना झाला, तुमचं पत्र नाही. इकडं सगळे बरे आहेत, पाणी तेवढं नाही. लातूर जिल्हा होऊन पाच महिने झाले. साहेब लोक आले, पाट्या रंगवून झाल्या, गंजगोलाईत उभं राहिलं की दर दोन मिनिटाला एक जीप धूळ उडवत जाते. पूर्वी कामाला उस्मानाबादेला जावं लागायचं, आता उस्मानाबादच इथं येऊन बसलंय. नळ मात्र आठ दिवसांतून एकदा खोकतो आणि गप्प बसतो.

तुमच्या लेकीला सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी हा दस्तुर आम्ही मोडणार नाही, पण आठव्यात हलवत नाहीत, म्हणजे सातवा संपायच्या आत तिला नांदेडला पोचवायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. उदगीरच्या लग्नाहून ती एसटीनं आली, मागच्या चाकावरच्या सीटवर बसून, आणि आठ दिवसांत पाचव्या महिन्यातलं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हादऱ्यानंच झालं असं कुणी सांगू शकत नाही. तिच्या सासूला, आमच्या उमादेवीला, ते पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

म्हणून मोटार घेतली. उदगीरच्या एका ओळखीच्यांची अँबॅसिडर होती. नांदेडच्या वाटेवर चाकूर ते अहमदपूर दुष्काळी कामावर नुसती खडी पसरून ठेवली आहे, रोलरचा पत्ता नाही. तेव्हा चाकांच्या पंधरा इंची लोखंडी रिम काढून सोळाच्या बसवून घेतल्या. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही. तुमचा जावई बसवराज गाडी चालवतो तेव्हा साहेबांच्या जीपच्या बरोबरीनं दिसते. एवढी चाकं पाहिली तुम्ही, आता ही पाहून सांगा.

आणखी एक. ऑगस्टात जिल्ह्याचं झेंडावंदन पाहायला आलात, दिवसभर आमच्या बैठकीत बसलात आणि पिशवीतल्या बाटलीतून नांदेडचं पाणी प्यालात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा तुमचा नेम मला मान्य आहे. पण ती बाटली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

खालची जागा महादेवीसाठी सोडली आहे. ती लिहील आणि तीच पत्र चिकटवील. तिचं मी वाचत नाही.

गुरुपादप्पा

अण्णा, मी बरी हाय. मोटारीत अजून बसले न्हाई. अव्वाला सांगा, काळजी करू नको. — महादेवी


नांदेड, १९ जानेवारी १९८३

गुरुपादप्पा व्याही, शरणार्थ.

पत्र पोचलं. मोटार घेतलीत, आनंद झाला. महादेवीच्या अव्वानं, गंगम्मानं, शेजारच्या चार घरी सांगितलं. मी तीस वर्षं वजिराबादेत टायर रिमोल्ड करतो, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवतो, पंक्चर काढतो, हजारो चाकं हाताखालून गेली; गाडी म्हणून दारात एक सायकल. तेव्हा मोटारीच्या मालकाला मी काय सांगणार.

चाकं तुम्हाला शोभतील.

सहज एक विचारतो. गाडी उभी असताना रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती बोटं रबर दिसतं? पूर्वी किती दिसत होतं? दुकानदाराची सवय, दुसरं काही नाही.

बाटलीचं म्हणाल तर माझ्या वडिलांनीही माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी तेच केलं. आणि सध्याच्या दिवसांत तुमचं एक तांब्या पाणी वाचतं, हेही धरा.

वीरण्णा


लातूर, २ फेब्रुवारी १९८३

वीरण्णा व्याही, शरणार्थ.

तुम्ही ‘शोभतील’ म्हणालात, म्हणजे नांदेडचं प्रमाणपत्र मिळालं. बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बोटंही मोजली. पूर्वी सात होती, आता पाच. चाक कसं नीटस दिसतं. पूर्वीचं रबर म्हणजे शेठजीच्या पोटासारखं बाहेर यायचं. फिटरनं हवाही चाळीस पौंड भरली, म्हणजे खडीनं टायर कापायची भीती नको.

परवा सगळ्यांना घेऊन औशाला जाऊन आलो. उमादेवी पुढं, महादेवी मागं ऐसपैस. वाटेत दोन जीपगाड्यांना मागं टाकलं. महादेवी एक शब्द बोलली नाही, आरामात बसली होती. याच चाकांवर नांदेडला आणून सोडतो. तुम्ही फक्त दारात उभं राहायचं.

गुरुपादप्पा

अण्णा, औशाहून आल्यापासून कंबर धरली हाय. मोटार लई दणके देते. दर दणक्याला दोन्ही हातांनी पोट धरून बसले. मामांना सांगवत न्हाई, त्यांनी माझ्यासाठीच घेतली. तुम्ही पण त्यांना काही लिहू नका. पण नांदेडच्या वाटेचं भ्याव वाटायलंय. — महादेवी


नांदेड, ७ फेब्रुवारी १९८३

गुरुपादप्पा व्याही, शरणार्थ.

औशाची सहल झाली, वाचून बरं वाटलं.

इकडं दुकानात एक गंमत झाली. उमरीचे एक कापसाचे व्यापारी आले. त्यांनीही हौसेनं गाडीला मोठ्या रिम बसवल्या आणि आता त्यांची आई गाडीत बसायला तयार नाही. मला विचारू लागले, चाक मोठं, मग दणका का? मी त्यांना म्हणालो, शेठ, मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं हे खरं आहे. पण तुमचं रबर मोठं झालं नाही, लोखंड मोठं झालं. मडगार्डाखाली जागा तेवढीच; रिमनं जागा खाल्ली की टायरला कमी उरते. रस्त्यावरचा दगड आणि बसणाऱ्याचं हाड यांच्यामध्ये पहिली येते ती टायरमधली हवा. पाटे, स्प्रिंगा, गादी हे सगळं नंतर. टायरची बाजू उंच असेल तर दगडावर ती दबते आणि दगड तिथंच राहतो. बाजू बुटकी आणि हवा कडक असेल तर दगड थेट गाडीत येऊन बसतो. वर लोखंडाचं वजन वाढलं की चाक आपटतंही जोरात.

त्यांना पटेना. मी म्हणालो, मागच्या सीटवर काठोकाठ भरलेली घागर ठेवा आणि गावाबाहेर जाऊन या. मग पंधराची चाकं लावून, हवा चोवीसवर आणून, तेच करा. घागर खोटं बोलत नाही. आता ते काय करतात पाहू.

माझं एक काम आहे. तुमची पंधराची जुनी चाकं पडून असतील तर एसटीच्या टपावरून पाठवा. रिमोल्डच्या साच्यासाठी नमुना पाहिजे होता. किंवा, पाठवण्याचा त्रास नको. तुमच्याच मोटारीला लावून घेऊन या, मी इथं माप घेईन.

महादेवीला आशीर्वाद. तिला सांगा, अव्वानं कोपऱ्यातली खोली झाडून ठेवली आहे.

वीरण्णा


लातूर, १६ फेब्रुवारी १९८३

वीरण्णा व्याही, शरणार्थ.

तुमच्या उमरीच्या शेठला म्हणावं, घागरभर पाणी सीटवर सांडायचं असेल तर नांदेडात गोदावरी आहे, तिथं सांडा. लातुरात हे केलं तर लोक काठ्या घेऊन येतील. आमच्या गल्लीत हरंगुळच्या विहिरीवरून पाणी येतं, दगडोबाच्या बैलगाडीतून, ड्रमनं. एका घराला दोन घागरी. बायका ड्रमच्या तळाचं पाणी फडक्यानं टिपून घेतात.

जुन्या चाकांचं म्हणाल तर पाचातली दोन याच दगडोबाला दिली. त्याच्या गाडीची लाकडी चाकं उन्हानं खिळखिळी झाली होती, आता टायरची गाडी झाली. उरलेली तीन गोदामात तुरीच्या पोत्यांमागं आहेत. नमुना पाहिजे असेल तर सवडीनं पाठवतो.

मोटार सध्या फिटरकडं आहे. ब्रेकचं काहीतरी निघालं. पंधरा दिवस झाले, तो आज देतो, उद्या देतो म्हणतो. तोवर घरातलं कुणी तिच्यात बसलेलं नाही. आठवा लागायला अजून तीन आठवडे आहेत, काळजी नसावी.

महादेवीनं आज काही लिहिलेलं नाही. उमादेवीबरोबर शेवया करत बसली आहे.

गुरुपादप्पा


नांदेड, २१ फेब्रुवारी १९८३

गुरुपादप्पा व्याही, शरणार्थ.

हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचावं.

ब्रेकचं निघालं असं तुम्ही लिहिलंत. मी ओळखलं, ब्रेक नव्हे, चाकांचंच निघालं असणार. मोठ्या रिमनी बेअरिंग किंवा बोल्ट खाल्ले असतील. फिटर ते पुन्हा आवळून देईल आणि तुम्ही त्याच चाकांवर तिला घेऊन निघाल. हे डोळ्यांपुढं आलं की टायरवर हात चालत नाही. काल एका ट्रकचा टायर उलटा बसवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मुलीच्या बापानं सासरच्या माणसाला असं लिहू नये. गंगम्मा म्हणाली, तुमच्या एका शब्दानं पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तरी लिहितो. ती चाकं शोभतील असं मी लिहिलं, ते खोटं लिहिलं. ती चाकं चुकीची आहेत. एकशेचाळीस किलोमीटर, त्यातली खडीची वाट, सातवा महिना आणि चाळीस पौंड हवा. व्याही, मला भीती वाटते. मागच्या वेळी मी तिला दवाखान्यात पाहिलं होतं, ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तसं पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नाही.

तुमची दोन चाकं दगडोबाकडून परत घेता यावीत म्हणून मी दोन रिमोल्ड टायर रिमसकट आज एसटीच्या टपावर टाकतो आहे. ती बैलगाडीला चालतील. तुमची मूळ पाचही मोटारीला ठेवा. हवा पुढं चोवीस, मागं सव्वीस. त्याहून जास्त कुणी कितीही सांगितलं तरी नको. खडीवर बैलाच्या चालीनं चालवा.

तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर काढा. तिनं मला काही सांगितलेलं नाही.

वीरण्णा


लातूर, १ मार्च १९८३

वीरण्णा व्याही, शरणार्थ.

टायर मिळाले. घडलं ते सांगतो.

मोटार फिटरकडून आली. ओसरीवर उमादेवी, महादेवी, बसवराज, शेजारचे दोघेतिघे होते. मी म्हणालो, उमरीच्या कुणा शेठनं म्हणे घागरीची परीक्षा केली, आपणही करू. उमादेवी पाण्याला हात लावू देईना. शेवटी अंघोळीच्या पाण्यातली घागर काठोकाठ भरून, खाली चादर घालून, मागच्या सीटवर ठेवली. बसवराजनं नांदेड नाक्यापर्यंत नेऊन आणली. परत आली तेव्हा घागर अर्धी आणि चादर ओली. चादर बादलीत पिळून घेतली, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात दगडोबा ड्रम घेऊन आला. त्यानं घागरीत डोकावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मालक, हरंगुळपासून आणायलो, माझ्या गाडीत टिपूस सांडत न्हाई. तुमचीच चाकं हायत की ती.”

बैल सावकाश चालतो हे मलाही कळतं. पण गल्लीत हशा पिकला आणि मी हरलो. त्याच दिवशी दगडोबाकडची दोन आणि गोदामातली तीन मोटारीला आली, तुमची दोन त्याच्या गाडीला गेली. हवा तुम्ही सांगितली तेवढीच. पुन्हा तीच घागर, तीच वाट, तोच बसवराज. या खेपेला चादरीवर हाताच्या पंजाएवढा डाग.

येत्या सोमवारी, ७ तारखेला, सकाळी निघतो. तुमच्या मागच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. ते मी एकट्यानं वाचलं.

गुरुपादप्पा


नांदेड, ३० एप्रिल १९८३

गुरुपादप्पा व्याही, शरणार्थ.

तार पोचली असेल. काल दुपारी मुलगी झाली. वजन सहा पौंडांच्या वर. महादेवी बरी आहे, जेवली, आईशी भांडलीसुद्धा. मुलीचे कान तुमच्यासारखे आहेत असं गंगम्मा म्हणते. मला अजून कळत नाही.

७ मार्चला तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात, चहा घेतलात आणि उजेडात परत पोचायचं म्हणून लगेच निघालात. तुमच्यासमोर बोलायला मला तोंडही नव्हतं. मी फक्त चाकांवर हात ठेवून पाहिला. कोमट होती, जेवढी असायला पाहिजेत तेवढीच. सकाळी सातला निघून तुम्ही दोनला पोचलात, म्हणजे सात तास. एवढ्या वेळात बैलगाडी नसती आली, पण फार मागंही राहिली नसती. महादेवीनं नंतर सांगितलं, खडीवर मामा स्वतः खाली उतरून पुढं चालत होते आणि मोठे दगड पायानं बाजूला करत होते. लोह्याच्या पुढं तिला झोप लागली. नांदेड आलं तेव्हा तिला उठवावं लागलं.

हे तुम्ही कळवलं नव्हतंत. मी फेब्रुवारीत जे लिहिलं त्याबद्दल आता माफी मागतो. तुम्हाला चाकांचं वेड आहे असं मी समजलो होतो.

वीरण्णा


लातूर, ८ मे १९८३

वीरण्णा व्याही, शरणार्थ.

गल्लीत पेढे वाटले. दगडोबाला दोन जास्त दिले, त्याचं कारण पुढं येईल.

माफी तुम्ही मागू नका. मी एक गोष्ट लपवली आहे, ती आता सांगतो. महादेवीचं मी वाचत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते तेव्हा खरं होतं. औशाच्या पत्राच्या दिवशी ती डिंक आणायला आत गेली. पत्र ओट्यावर उघडं होतं आणि मला त्यात ‘मामा’ दिसलं. वाचलं. मामांना सांगवत न्हाई, त्यांनी माझ्यासाठीच घेतली. मी चपला घालून दुकानात गेलो. ती माझ्या मागच्या सीटवर पोट धरून बसली होती आणि मी जीपगाड्या मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी मोटार फिटरकडं नेऊन उभी केली. ब्रेक ठणठणीत होते. चाकं लगेच बदलली असती तर तिला कळलं असतं की सासऱ्यानं चोरून वाचलं, आणि मग ती बापालाही कधी मनातलं लिहिती ना. मला बाहेरचं काहीतरी कारण पाहिजे होतं. तुमच्या पत्रात उमरीचा शेठ आला तेव्हा मी ओळखलं की तुम्हीही माझ्यासारखंच कारण शोधता आहात. ती घागर मला उपयोगी पडली. दगडोबा जे बोलला ते खरंच आहे, त्याचं पाणी सांडत नाही. पण ते ओसरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोल, असं मी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यानं माझ्यापेक्षा चांगलं केलं.

तुमचं भीतीचं पत्र मधेच आलं. मला वाटत होतं, घागर जमेपर्यंत तुम्ही थांबाल. मुलीच्या बापाला व्याह्याकडं असं लिहावं लागलं, ही माझी चूक. ते पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. महादेवीला यातलं काही सांगू नका.

आता नात झाली, तुमचा नेम सुटला. दगडोबाच्या ड्रममधून रोज एक तांब्या तुमच्या नावाचा भरून ठेवतो. तुम्ही आला नाहीत की दुसऱ्या सकाळी तो महादेवाच्या पिंडीवर जातो आणि नवा भरतो. उमादेवी त्याला कुणाला हात लावू देत नाही. किती दिवस वाट पाहायची ते कळवा.

गुरुपादप्पा


नांदेड, १५ मे १९८३

गुरुपादप्पा व्याही, शरणार्थ.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला उद्या ये म्हणालो.

उमरीला माझ्या ओळखीचा कुणी कापसाचा शेठ नाही. रिमोल्डचा साचाही माझ्याकडं दहा वर्षांपासून आहे. तुम्हाला हे कळलं होतं, पण माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं.

महादेवीला काही सांगितलेलं नाही. ती परवा गंगम्माला सांगत होती, मामा चाकांच्या बाबतीत लई हट्टी होते, दगडोबानं चारचौघांत बोलल्यावरच ऐकलं. मी मान डोलावली.

बारसं सव्वा महिन्यानं करू. आवतण द्यायला पुढच्या सोमवारी मी स्वतः येतो, सकाळच्या एसटीनं. मागच्या चाकावरची सीट मिळाली तरी माझं काही जात नाही. पिशवीत आवतणाचा नारळ आणि तुमच्या नातीचं जुनं झबलं असेल, वास घ्यायला. बाटली नसेल.

वीरण्णा